निरोप पुढे गेला, पोचला का?

नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरांत, सेटिंग्जच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर, ‘ट्रॅप फॉरवर्डिंग’ नावाचा एक लहानसा फॉर्म असतो. त्यात मुख्य चौकटी दोनच: पुढच्या सर्व्हरचा आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक. पोर्टच्या चौकटीत १६२ हा आकडा बहुधा आधीच भरलेला असतो. पत्ता टाकायचा, ‘सेव्ह’ दाबायचे, कामांच्या यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची. दहा मिनिटांचे काम, म्हणून ते टीममध्ये नुकत्याच आलेल्या माणसाच्या वाट्याला येते आणि नंतर कित्येक वर्षे त्या पानाकडे कुणी फिरकत नाही. या लेखाचे म्हणणे असे, की देखरेखीच्या अख्ख्या साखळीत सर्वांत जास्त विचार याच फॉर्मवर व्हायला हवा. निरोप पुढे पाठवणारा प्रत्येक टप्पा त्या निरोपातले काहीतरी गाळू शकतो: तो कुणी दिला, केव्हा दिला, त्याचा अर्थ काय, किंवा तो पोचला की नाही. यांतले काय गळू द्यायचे नाही हे माणसाने ठरवले नाही, तर ते सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग्ज ठरवतात; आणि त्यांनी काय ठरवले होते हे नेमके बिघाडाच्या रात्री कळते.

एसएनएमपी हा प्रोटोकॉल १९८८ सालचा. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांच्या नावावर असलेली त्याची पहिली आवृत्ती मे १९९० मध्ये आरएफसी ११५७ या दस्तऐवजाने पक्की झाली. स्विच, राउटर, यूपीएस, प्रिंटर, सर्व्हर-रूममधला एसी, अशा नाना उपकरणांची खबरबात ठेवण्याचे त्यात दोन मार्ग आहेत. पहिला विचारपुशीचा: देखरेखीचा सर्व्हर ठरावीक वेळाने प्रत्येक उपकरणाच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन त्याची हालहवाल विचारतो. दुसरा वर्दीचा: काही बिघडले की उपकरण स्वतःहून सर्व्हरच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर खबर धाडते. ही वर्दी म्हणजे ट्रॅप. १९९० च्या दस्तऐवजातली कल्पना अशी, की वर्द्या मोजक्या असाव्यात, आणि विचारपूस केव्हा व कुठे करायची एवढेच त्यांनी सुचवावे. वर्दी ज्या यूडीपीवरून जाते तो १९८० सालचा प्रोटोकॉलही अशाच बेताचा आहे. साधे पत्र पेटीत टाकावे तसे पॅकेट टाकायचे; रजिस्टर एडीसारखी पोचपावती परत येत नाही. एका उपकरणाने एका सर्व्हरला वर्दी द्यायची आणि त्याने लगेच उलट विचारपूस करायची, तोवर हे ठीक चालते. वर्दी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाऊ लागली की गणित बदलते. पहिला सर्व्हर उपकरणाकडे जाऊन खातरजमा करू शकतो. पुढच्या सर्व्हरला बहुधा त्या उपकरणापर्यंत वाटच नसते. त्याच्या हाती येतो तो फक्त निरोप.

असे असले तरी वर्दी अनेक हातांत जाण्याची कारणे रास्त आहेत. शेकडो शाखा असलेल्या एखाद्या संस्थेची कल्पना करा. शाखेतली उपकरणे तिथल्याच विभागीय सर्व्हरला वर्दी देतात. तीच वर्दी मुख्यालयाच्या टीमला हवी असते, सुरक्षा विभागाला हवी असते, आणि देखरेखीचे कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या रात्रपाळीलाही; ती रात्रपाळी हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसलेली असते आणि शाखा कदाचित दुसऱ्याच खंडात. प्रत्येक नव्या मागणीसाठी हजारो उपकरणांत एकेक पत्ता वाढवत बसणे कुणालाच परवडत नाही. मधल्या सर्व्हरवरून वर्दीच्या प्रती काढून पुढे धाडणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. फॉरवर्डिंग टाळा असे सुचवणे म्हणूनच व्यर्थ आहे. प्रश्न आहे तो प्रत काढताना काय हरवते याचा.

त्यासाठी एक वर्दी उघडून पाहू. एका शाखेतल्या स्विचच्या एका पोर्टवरचा दुवा तुटला. स्विच दुसऱ्या आवृत्तीच्या एसएनएमपीत वर्दी तयार करतो. तिच्यात पहिला आकडा असतो तो स्विच सुरू झाल्यापासून सेकंदाचे किती शतांश लोटले याचा. दुसरी नोंद घटनेची: १.३.६.१.६.३.१.१.५.३, म्हणजे ‘लिंकडाउन’. मग पोर्टचा अंतर्गत क्रमांक, तो माणसाने मुद्दाम बंद केला होता का, आणि आत्ता तो चालू आहे का. एवढेच. तारीख नाही, घड्याळाची वेळ नाही, उपकरणाचे नाव नाही. ‘केव्हा’ याचे उत्तर ‘मी उठल्यापासून इतक्या वेळाने’ असे आहे, आणि तो आकडा बत्तीस बिटांचा असल्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. ‘कुणी’ याचे उत्तर तर पत्राच्या आत लिहिलेलेच नाही. ते पाकिटावरच्या पत्त्यावरून ओळखायचे. सिसलॉग या यंत्रांच्या नोंदी पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीशी तुलना केली की हे जास्त ठळक होते. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने सिसलॉगच्या प्रत्येक संदेशात पाठवणाऱ्याचे नाव आणि घटनेची वेळ यांच्यासाठी मजकुराच्या आतच जागा ठेवली, त्यामुळे तो दहा हातांतून गेला तरी मूळ ओळख सोबत घेऊन जातो. ट्रॅपचे पाकीट बदलले की ओळख गेली.

आणि साधे फॉरवर्डिंग पाकीटच बदलते. मधला सर्व्हर नवे पॅकेट तयार करतो, त्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता टाकतो. पुढच्या टोकाला झॅबिक्ससारखे सॉफ्टवेअर असेल, तर ते आलेल्या ट्रॅपचा पत्ता आपल्या यादीतल्या उपकरणांशी जुळवून पाहते आणि जुळेल त्याच्या खात्यावर घटना मांडते. परिणाम असा, की पन्नास शाखांतले पन्नास बिघाड एकाच यंत्राच्या, म्हणजे बिचाऱ्या फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरच्या नावावर चढतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. यावर उपाय आहेत, पण ते आपोआप होत नाहीत. पहिल्या आवृत्तीच्या ट्रॅपमध्ये उपकरणाचा पत्ता लिहायला आत एक रकाना होता. दुसऱ्या आवृत्तीने तो काढला. २००३ च्या आरएफसी ३५८४ ने आवृत्त्यांची सांगड घालताना मूळ पत्ता सोबत जोडण्यासाठी ‘एसएनएमपी-ट्रॅप-ॲड्रेस’ ही वेगळी नोंद दिली. पण पाठवणाऱ्याने ती जोडायला हवी आणि घेणाऱ्याने वाचायला हवी. एकाने केले आणि दुसऱ्याने नाही, तर उपयोग शून्य. दुसरा उपाय खोट्या पाकिटाचा: मधल्या सर्व्हरने मूळ उपकरणाचाच पत्ता पाठवणारा म्हणून टाकायचा. सॅम्प्लिकेटरसारखी साधने हे करतात. पण २००० सालच्या आरएफसी २८२७ पासून नेटवर्कच्या वेशीवर असे परके पत्ते असलेली पॅकेट अडवावीत हीच शिस्त शिकवली जाते, आणि ती योग्यच आहे. म्हणजे आपल्याच सुरक्षेच्या नियमाने आपलीच वर्दी वेशीवर गडप होते, तीही चूं न करता. शिवाय १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते घरोघरी तेच असतात. दोन ग्राहकांच्या दोन राउटरांचा पत्ता एकच असेल, तर मूळ पत्ता जपूनही ओळख पटत नाही. कोणत्या ग्राहकाचा, ही खूण मधल्या टप्प्यानेच लावून द्यावी लागते.

अर्थाची गळती याहून सूक्ष्म आहे. पहिल्या आवृत्तीत ठरावीक घटनांना शून्यापासून क्रमांक होते: यंत्र थंडगार अवस्थेतून उठले ०, दुवा तुटला २, दुवा जुळला ३. दुसऱ्या आवृत्तीत याच घटना लांबलचक ओळख-क्रमांकांच्या शेवटी एकपासून मोजल्या जातात, त्यामुळे ‘दुवा तुटला’चा शेवट ३ ने होतो. एका आवृत्तीतला ३ म्हणजे ‘जुळला’, दुसरीतला ३ म्हणजे ‘तुटला’. प्रमाणित भाषांतर करणारे सॉफ्टवेअर हा एकाचा फरक सांभाळते. पण मध्येच कुणी घाईने लिहिलेली स्क्रिप्ट शेवटचा अंक पाहून निर्णय घेत असेल, तर मोडलेला दुवा हिरवा दिसू शकतो. याशिवाय प्रत्येक उत्पादकाच्या खास वर्द्या असतात. त्यांचा अर्थ मिब नावाच्या शब्दकोशात असतो आणि तो शब्दकोश मधल्या सर्व्हरवर भरलेला असला तरी वर्दीबरोबर पुढे जात नाही. पुढच्या सर्व्हरवर तो नसेल तर रात्रपाळीच्या माणसापुढे अठरा-वीस आकड्यांची माळ येते. ती बॅटरी संपत आल्याची खबर आहे की पंखा बदलल्याची, हे त्याने कसे ओळखावे?

सेटिंग्ज स्वतःहून कसे निर्णय घेतात याचा उत्तम नमुना नेट-एसएनएमपी या मुक्त संचात सापडतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरुवात होऊन पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाढलेला हा संच आज असंख्य लिनक्स यंत्रांवर ट्रॅप झेलतो. त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये पाठवणाऱ्याला तीन वेगवेगळ्या परवानग्या देता येतात: आलेले लॉगमध्ये लिहायची, त्यावर एखादा प्रोग्राम चालवायची, आणि ते नेटवर्कवर पुढे धाडायची. ‘फॉरवर्ड’ची ओळ बिनचूक लिहिली पण तिसरी परवानगी द्यायची राहिली, तर लॉगमध्ये ट्रॅप झकास दिसतात, तपासणारा समाधानाने मान डोलावतो, आणि पुढे एकही जात नाही. उलट टोकाची चूक म्हणजे भोवरा. दोन सर्व्हर एकमेकांचे राखीव म्हणून ठेवले आणि दोघांनाही ‘आलेले सगळे दुसऱ्याला पाठव’ असे सांगितले, की एक वर्दी दोघांमध्ये चेंडूसारखी फिरत राहते. ईमेलच्या माथ्यावर तो कुठून कुठून आला याच्या नोंदी साचत जातात, त्यावरून भोवरा ओळखता येतो. ट्रॅपमध्ये तशी काही खूण नाही. आणि दर फेरीला पॅकेट नव्याने तयार होत असल्यामुळे आयपीची फेऱ्या मोजणारी मर्यादाही दरवेळी नव्याने सुरू होते.

इथे पहिला आक्षेप येतो: एवढी चिकित्सा कशाला? सगळे ट्रॅप सरसकट पुढे पाठवा, गाळणी मुख्य सर्व्हरवर लावा. मध्येच गाळले तर पुरावा नष्ट होतो. यातला दुसरा भाग खरा आहे. पण वर्द्यांचा पूर केव्हा येतो ते पाहा. मुख्य राउटरचा एक दुवा लटपटू लागला, की त्याच्यावर अवलंबून असलेले प्रत्येक उपकरण एकाच वेळी ओरडते. मधल्या सर्व्हरवर आलेली यूडीपी पॅकेट रांगेत थांबतात आणि लिनक्सवर त्या रांगेची मूळ मर्यादा बऱ्याचदा दोनशे केबीच्या आसपास असते. ती भरली की पुढची पॅकेट टाकून दिली जातात. ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिलेल्यांची मोजदाद ठेवते, पण त्या आकड्याकडे पाहायला कुणाला नेमलेले नसते. म्हणजे सरसकट पाठवण्याच्या धोरणातही गाळणी होतेच. फक्त ती आंधळी होते. आणि पूर पार करून सगळे आले तरी शेवटी ते माणसाच्या डोळ्यांपुढेच येते. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघाताच्या पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक अलार्म वाजले. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटाआधीच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांवर २७५ अलार्म कोसळले. ब्रिटिश उद्योगांनी १९९९ साली ईईएमयूए १९१ हे मार्गदर्शन काढले, त्यात एरवीच्या दिवशी एका ऑपरेटरला झेपणारा भार दहा मिनिटांना एक अलार्म इतपतच मानला आहे. ही उदाहरणे कारखान्यांची आहेत, नेटवर्कची नाहीत. पण पडद्यापुढचा माणूस तोच असतो.

म्हणून मधला मार्ग असा: पहिल्या सर्व्हरवर आलेले सगळे लिहून ठेवायचे, पुढे मात्र निवडून पाठवायचे. पुरावा जागेवर राहतो आणि पूर ओसरतो. निवडतानाही डोळे उघडे हवेत. ‘दुवा तुटला’ पुढे जात असेल तर ‘दुवा जुळला’ गेलाच पाहिजे. नाहीतर पुढच्या पडद्यावरचा लाल दिवा कधी विझतच नाही, आणि चार दिवसांनी लाल दिव्याकडे कुणी बघत नाही. चुकीच्या पासवर्डने विचारपूस झाल्याची वर्दी दर मिनिटाला येत असेल, तर तिच्यामागे बहुधा कुणीतरी विसरलेला जुना सर्व्हर असतो. पण म्हणून ती वर्दी मुळातून बंद केली तर खरा घुसखोरही दिसेनासा होतो. ती मोजून, तासाला एक सारांश म्हणून पाठवणे बरे.

दुसरा आक्षेप अधिक जाणकाराचा आहे: पोचपावती हवी तर ट्रॅपऐवजी ‘इन्फॉर्म’ वापरा. १९९३ साली दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलेल्या इन्फॉर्मला घेणाऱ्याकडून पोच मिळते. न मिळाल्यास पाठवणारा पुन्हा पाठवतो. उपाय चांगला आहे. मुळात तो एका देखरेख सर्व्हरने दुसऱ्याला निरोप द्यावा यासाठीच योजला होता, त्यामुळे फॉरवर्डिंगच्या टप्प्यावर तो खास शोभतो. पण ही पोच एका टप्प्यापुरती असते. उपकरणाला ‘मिळाले’ असे सांगणारा मधला सर्व्हर पुढच्या सर्व्हरच्या वतीने बोलत नाही. गावच्या टपाल कार्यालयाने पत्र घेतल्याची पावती दिली, म्हणून ते मुंबईच्या घरी पोचले असे होत नाही. तिसऱ्या आवृत्तीतल्या कूटबद्ध वर्द्यांचेही असेच. तिथे ट्रॅप पाठवणाऱ्या यंत्राची ओळख आणि त्यावरून बेतलेली किल्ली घेणाऱ्याकडे आधीपासून असावी लागते. तेव्हा एकतर शेवटच्या सर्व्हरला सगळ्या उपकरणांच्या ओळखी द्या, नाहीतर मधल्याने कुलूप उघडून आपल्या कुलपाने पुन्हा बंद करावे आणि मग विश्वास त्याच्यावरच ठेवावा. दोन्ही पर्याय वैध आहेत. कोणता घेतला हे लिहून ठेवलेले हवे.

तिसरा आक्षेप काळाचा: ट्रॅप हे जुन्या जमान्याचे, आता उपकरणे जीएनएमआयसारख्या मार्गाने आपली आकडेवारी अखंड प्रवाहासारखी पाठवतात, मग या कालबाह्य वस्तूवर दिवाळी अंकाची पाने कशाला? नव्या मार्गाचा मोठा गुण असा, की जोडणी तुटली तर ते कळते. मोठ्या राउटरांच्या बाबतीत त्याकडे वळावे हेच बरे. पण यूपीएस, रेक्टिफायर, एसी, जुने स्विच ही मंडळी एसएनएमपीच बोलतात आणि पुढची बरीच वर्षे बोलतील. शिवाय आकडेवारी प्रवाहाने आली तरी तीही मधल्या सर्व्हरांतून पुढे जाते, आणि कुणाची, केव्हाची, पोचली का, हे प्रश्न तिथेही सुटलेले नसतात.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शांततेचा अर्थ. वर्दी आली नाही याची कारणे दोन असू शकतात. सगळे ठीक आहे, किंवा वर्दी देणारी वाटच तुटली आहे. ज्या दुव्यावरून वर्दी जायची तोच तुटला, तर ‘दुवा तुटला’ हा निरोप जाणार कुठून? नुकत्याच चालू झालेल्या स्विचचे पोर्ट जुन्या स्पॅनिंग-ट्री पद्धतीत मूळ सेटिंगनुसार तीस सेकंद बंदच राहतात; त्याआधी निघालेली ‘मी उठलो’ ही वर्दी दारातच विरते. शांततेला सुखरूपपणा समजण्याची किंमत १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात दिसली. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातले अलार्मचे सॉफ्टवेअर दुपारी २:१४ नंतर थिजले. पडद्यावर नवा अलार्म येईना, आणि ऑपरेटरांनी ती शांतता खरी मानली. २:३२ ला शेजारच्या कंपनीने फोन करून एका वाहिनीविषयी विचारले, तरी आपल्याकडे काही दिसत नाही असेच त्यांचे उत्तर होते. २:४१ ला मुख्य सर्व्हर, २:५४ ला राखीव सर्व्हर कोसळला. संगणक विभागाला पेजरवर खबर गेली. त्यांनी सर्व्हर पुन्हा चालू केला, पण अलार्म जिवंत झाले का हे नियंत्रण कक्षाला विचारले नाही. संध्याकाळी चारनंतर काही मिनिटांत अमेरिका-कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ती यंत्रणा एसएनएमपीची नव्हती आणि झाडांना टेकलेल्या वाहिन्यांसारखी इतर कारणेही होती. पण दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशीतून एक धडा निर्विवाद निघाला: अलार्म बंद पडला आहे याचाही अलार्म हवा.

ट्रॅपच्या साखळीत हे स्वस्तात जमते. शाखेतल्या एखाद्या यंत्राने दर पाच मिनिटांनी एक ठरलेली खोटी वर्दी सोडायची आणि शेवटच्या सर्व्हरने ती आली नाही तर बोंब मारायची. रेल्वेच्या इंजिनात चालकाने ठरावीक वेळाने काही हालचाल केली नाही तर ब्रेक लागतात, त्याच जातीची ही युक्ती. लहान कचेरीत एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण नेट-एसएनएमपीत अशी वर्दी एका ओळीच्या आज्ञेने पाठवता येते. खर्च आहे तो ती आली नाही हे पाहणारा माणूस ठरवण्याचा. आणि तो ठरत नसेल, तर खऱ्या वर्दीकडे तरी कोण पाहणार आहे?

तेव्हा त्या फॉर्मच्या दोन चौकटींना आणखी काही चौकटी मनाने जोडाव्या लागतात. मूळ पाठवणारा पुढे कसा ओळखला जाईल? वेळ कोणत्या घड्याळाची धरायची? शब्दकोश दोन्ही टोकांना आहेत का? काय गाळले आणि ते कुठे लिहून ठेवले? मधला टप्पा मेला तर कोण सांगेल? ही उत्तरे दहा मिनिटांत भरता येत नाहीत. त्यांसाठी दोन-तीन टीमना एका टेबलाशी बसावे लागते. मग शेवटची परीक्षा सोपी असते. दूरच्या शाखेतल्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या पोर्टची केबल ठरवून, सांगून उपटायची आणि वाट पाहायची. रात्रपाळीच्या टेबलावरचा फोन उचलून कुणी शाखेचे, स्विचचे आणि पोर्टचे बरोबर नाव घेतले, आणि केबल परत लावल्यावर पडद्यावरचा लाल दिवा विझला, तर यादीतल्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण करावी. त्याआधी नाही.